कादंबरी झाली, आता पुढं काय?

कादंबरी कशी लिहावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिहून झाल्यावर तिचं काय करावं, हे सांगणारं कोणी भेटत नाही. मी मूळची डोंबिवलीची. बी.ए.ला मराठी होतं, लग्नानंतर कॅनडात आले आणि गेली बरीच वर्षं टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरोत राहते. लॉरेन्स अव्हेन्यूवरच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. कामावरून येता-जाता 54 नंबरच्या बसमध्ये आणि रात्री घर झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एक कादंबरी लिहिली. पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायकांची गोष्ट आहे. एक साताऱ्याकडची, एक जाफन्याची, एक मनिलाची. लिहिताना वाटायचं, शेवटचं वाक्य पडलं की सुटले. प्रत्यक्षात खरा गोंधळ तिथून पुढं सुरू झाला.

सगळ्यांना सुचतं तेच आधी मला सुचलं. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. काहींचं उत्तर आलंच नाही. एकांनी सरळ कळवलं की तिकडच्या बायकांची दुःखं इकडच्या वाचकाला आपली वाटणार नाहीत, नायिकेला निदान शेवटी पुण्याला परत आणता येईल का? आणखी एकांना कादंबरी न वाचताच फार आवडली. मात्र छपाईचा खर्च माझा, आणि शिवाय निम्म्या प्रती मीच विकत घ्यायच्या. फोनवर ते मला ताई म्हणत होते. ‘ताई, तुम्ही डॉलरमध्ये कमावता, तुम्हाला काय जड आहे?’ ताईने हिशेब केला. जड होतं.

मग इकडच्या बाजूने पाहिलं. इथे प्रकाशकाकडे थेट जाण्याआधी बहुतेकदा एजंट शोधावा लागतो. एजंटला एक पानी पत्र लिहायचं, त्यात अख्खी कादंबरी दोन परिच्छेदांत बसवायची, आपलं पुस्तक कोणत्या दोन खपलेल्या पुस्तकांसारखं आहे तेही सांगायचं. हे सगळं इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, कारण इथला प्रकाशनाचा धंदा चालतो त्याच दोन भाषांत. माझी कादंबरी मराठीत. म्हणजे पुण्याच्या दृष्टीने ती कॅनडाची आणि कॅनडाच्या दृष्टीने ती पुण्याची. धड इथली नाही, धड तिथली नाही.

अशा वेळी माणूस देवळात जातो. मी ग्रंथालयात गेले. मार्कहॅम रोडवर टोरांटो सार्वजनिक ग्रंथालयाची सीडरब्रे शाखा आहे. या ग्रंथालयाच्या शहरभर शंभर शाखा, आणि त्यांचा निवासी लेखकाचा उपक्रमही असतो. म्हणजे ठराविक काळासाठी एका प्रस्थापित लेखकाची नेमणूक होते आणि तो नवशिक्यांची हस्तलिखितं वाचून मतं देतो. मी त्याची चौकशी करायला गेले होते. तिथल्या ग्रंथपालबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि उठून कपाटातून तीन पुस्तकं काढून माझ्यासमोर ठेवली. ‘हे सगळे तुमच्याच भागातले लोक,’ म्हणाल्या.

पहिलं डेव्हिड चॅरिअँडीचं ‘सूकूयाँ’. हा स्कारबरोत वाढलेला, त्रिनिदादहून आलेल्या आईबापांचा मुलगा. त्याची ही पहिली कादंबरी 2007 साली आली. दुसरं कॅथरीन हर्नांडेझचं, ज्याचं नावच ‘स्कारबरो’. ही बाई घरात पाळणाघर चालवायची. तिची कादंबरी छापली जाण्याच्या आधीच, 2015 मध्ये, तिला जिम वाँग-चू यांच्या नावाचा नवोदित लेखक पुरस्कार मिळाला. आशियाई वंशाच्या कॅनेडियन लेखकांची एक संस्था अप्रकाशित हस्तलिखितांसाठीच तो देते. मग 2017 मध्ये पुस्तक आलं, 2021 मध्ये त्यावर सिनेमा निघाला, आणि पुढच्या वर्षी त्या सिनेमाला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही मिळाला. तिसरं टेआ मुटोंजीचं. गोष्टी स्कारबरोच्या गॅलोवे भागातल्या, एकमेकींत गुंतलेल्या. विवेक श्राया नावाच्या कलावंत लेखिकेने एका प्रकाशनाच्या छत्राखाली स्वतःची छोटी पुस्तकमाला सुरू केली होती. एखाद्या तरुण लेखकाला निवडायचं, शिकवायचं आणि त्याचं पहिलं पुस्तक काढायचं. टेआ त्या मालेतली पहिली. तिचं पुस्तक 2019 मध्ये आलं आणि त्याला ऑन्टारिओचा ट्रिलियम पुरस्कार मिळाला.

तिन्ही पुस्तकांचं मागचं पान उलटून पाहिलं तर प्रकाशक एकच: आर्सेनल पल्प प्रेस, व्हँकूव्हर. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. टोरांटोत मोठमोठ्या प्रकाशकांची कार्यालयं असताना स्कारबरोची माणसं आपली गोष्ट घेऊन प्रशांत महासागराच्या काठी गेली. हा प्रकाशक 1971 साली पल्प प्रेस म्हणून सुरू झाला. 1977 मध्ये त्यांच्याच गोतावळ्यातून एक स्पर्धा निघाली: लेबर डेच्या जोडून आलेल्या सुटीत तीन दिवसांत कादंबरी लिहून पुरी करायची, बक्षीस म्हणून ती छापली जाणार. ही स्पर्धा पुढे वर्षानुवर्षं चालली. मला हे वाचून घाम फुटला. मला एका प्रकरणाला अख्खा हिवाळा लागतो.

पण त्या तीन पुस्तकांवरून एक गोष्ट लक्षात आली. स्पर्धा, मार्गदर्शक लेखिका, लांबचा छोटा प्रकाशक. मुख्य दरवाजातून सरळ आत गेलेलं यांच्यात कोणी दिसत नव्हतं. मी उत्साहाने ग्रंथपालबाईंना म्हटलं, ‘मग मला असा कोणता आडरस्ता आहे?’ त्यांनी उलट विचारलं, ‘तुमचा वाचक कोण?’ मी म्हटलं, ‘मराठी वाचक.’ ‘ते कळलं. पण कोण? कुठे राहतात? त्यांची नावं सांगता येतील का?’ मी गप्प. दहा कोटींच्या आसपास लोक मराठी बोलतात, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यातल्या एकाचंही नाव मला घेता येईना.

याचं उत्तर मला कामावरच मिळालं. माझ्याबरोबर काउंटरला एक श्रीलंकेची तमिळ बाई आहे, मी तिला अक्का म्हणते. स्कारबरोत तमिळ लोकांची वस्ती केवढी आहे ते इथे पाटी वाचत हिंडलं तरी कळतं. अक्काच्या मामांचं पुस्तक आलं होतं, तिने मला समारंभाला नेलं. एका शाळेच्या सभागृहात खुर्च्या भरलेल्या. दिवा लावला, भाषणं झाली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. माझं लक्ष होतं दाराजवळच्या टेबलाकडे. लोक रांगेने यायचे, खिशातून बंद पाकीट काढून मामांच्या हातात द्यायचे, दोन्ही हातांनी पुस्तक घ्यायचे आणि फोटो काढायचे. अक्काला विचारलं, पुस्तकाची किंमत किती? ती म्हणाली, किंमत मागच्या पानावर आहे, पण पाकिटात किती घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं; लेखकाचा खर्च निघाला पाहिजे एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पुस्तक छापलं होतं चेन्नईत. याच टोरांटोत 2001 पासून तमिळ इलक्किय तोट्टम, म्हणजे तमिळ साहित्य उद्यान नावाची संस्था आहे, आणि तिचे पुरस्कार जगभरच्या तमिळ लेखकांना मिळतात. अक्काच्या लोकांनी तमिळनाडूच्या परवानगीची वाट पाहिली नाही. लिहिणारे इथले, वाचणारे इथले, छापखाना तेवढा तिकडचा.

याच शहरात आणखी एक जुना दाखला आहे. एम. जी. वासनजी हे पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती वंशाचे अणुशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी नूरजहाँ अझीझ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोत दक्षिण आशियाई साहित्याचं एक नियतकालिक काढलं. त्यातूनच पुढे त्यांची प्रकाशनसंस्था उभी राहिली, ती आज मावेन्झी हाउस नावाने चालते. वासनजींची स्वतःची पहिली कादंबरी ‘द गनी सॅक’ 1989 मध्ये आली, तीही कॅनडातल्या कोणाकडून नव्हे. हाइनमनच्या आफ्रिकन लेखकमालेतून. पाच वर्षांनी कॅनडाचा गिलर पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिलाच त्यांना मिळाला. आधी अंक, मग वाचक, मग पुस्तक, असा तो क्रम.

मी घरी येऊन मराठीच्या बाबतीत काय काय शक्य आहे त्याची यादी केली. यादी चांगली लांबली. ई साहित्य प्रतिष्ठान आहे: नवोदितांची पुस्तकं पीडीएफ करून वाचकांना ईमेलने फुकट पाठवतात. प्रतिलिपीवर प्रकरणं टाकता येतात. किंडलवर 2016च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं निघतात, आणि तिथे लेखकच प्रकाशक होऊ शकतो. स्टोरीटेल ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मराठी मालिका काढतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. दिवाळी अंक आहेत. 1909च्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून आपण दर फराळाबरोबर एखादी लघुकादंबरी रिचवत आलो आहोत. इकडचं म्हणाल तर उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी ‘एकता’ त्रैमासिक 1979 पासूनचं. रस्ते इतके होते की मी अधिकच गोंधळले. प्रत्येक ठिकाणी पुस्तक ठेवता येत होतं. ते उचलणार कोण, हा ग्रंथपालबाईंचा प्रश्न मात्र जागच्या जागी.

गोंधळ फोडला तो टेरी फॅलिस नावाच्या टोरांटोकराने. त्याला मी भेटलेले नाही, त्याची हकिकत वाचली. हा माणूस जनसंपर्काच्या व्यवसायातला. राजकारणावर एक विनोदी कादंबरी लिहिली, एजंट-प्रकाशकांना पाठवली, पण कोणी दाद दिली नाही. तेव्हा 2007 मध्ये त्याने ती स्वतःच्या आवाजात वाचून एकेक प्रकरण पॉडकास्ट म्हणून फुकट सोडायला सुरुवात केली. ऐकणारे मिळाले तसं पदरचे पैसे घालून पुस्तक काढलं आणि धीर करून स्टीफन लीकॉक पदकासाठी पाठवलं. कॅनडात विनोदी पुस्तकाला मिळणारा हा सगळ्यात मानाचा पुरस्कार. 2008 मध्ये तो त्यालाच मिळाला. त्याच वर्षी मॅक्लेलँड अँड स्ट्युअर्टसारख्या नामांकित प्रकाशकाने तीच कादंबरी पुन्हा काढली, आणि 2011 मध्ये देशभर गाजणाऱ्या ‘कॅनडा रीड्स’ स्पर्धेत ती पहिली आली.

हे वाचून मला नवल वाटलं आणि मग कॉलेजातल्या नोट्स आठवल्या. हरिभाऊ आपट्यांनी वेगळं काय केलं होतं? ‘मधली स्थिती’ 1885 पासून ‘पुणे वैभव’मध्ये क्रमशः आली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून लोकांनी आठवड्या-आठवड्याला वाचली, ती एकगठ्ठा पुस्तक म्हणून मागाहून आली. तिच्या नायिकेचं, यमूचं, पुढं काय होणार, याची वाट पाहणारी घरं आधी तयार झाली होती. ज्याला आपण आज आडरस्ता म्हणतो, तो मराठी कादंबरीचा जुना हमरस्ता आहे. आपणच तो सोडून दिला.

मग मी कपाटात शिरले. अक्षरशः. आमच्याकडे दाराशी हिवाळी कोटांचं कपाट आहे, जाड कोटांमुळे आवाज घुमत नाही. आत बसून फोनवर पहिलं प्रकरण वाचलं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या काही मराठी लोकांना पाठवलं आणि खाली लिहिलं: पुढचं हवं असेल तर कळवा, नको असेल तर पाठवणार नाही. नवरा म्हणाला, ‘सरळ नको म्हणायला कोणाला जमेल? सगळे अंगठा दाखवतील.’ तसंच झालं. अंगठे आले, फुलं आली, ‘खूप छान’ आलं. पण त्यातल्या मोजक्या लोकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘दुसरं कधी?’ मी फक्त त्यांची नावं वहीत लिहिली. ग्रंथपालबाईंनी मागितलेली यादी ती हीच.

यादी हळूहळू वाढली आणि भलतीकडे वाढली. ब्रॅम्प्टनच्या एक आजी पोळ्या लाटताना ऐकायच्या. त्यांचं म्हणणं, प्रकरण दहा पोळ्यांत संपावं. साताऱ्याकडचा एक ट्रकवाला 401 महामार्गावर ऐकायचा, त्याला उलट लांब प्रकरणं हवी असायची. डोंबिवलीच्या माझ्या मावसबहिणीने ती तिच्या लोकलच्या डब्यातल्या बायकांना ऐकवली. एकदा आजींचा फोन आला. ‘अगं, तिने दुसऱ्या प्रकरणात साखरेच्या डब्याखाली पैसे लपवले होते. ते तसेच टाकून ती घर सोडून गेली का?’ ते पैसे माझ्या डोक्यातून साफ गेले होते, आजींच्या गेले नव्हते. त्या पैशांवरून पुढे एक अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं गेलं, आणि माझ्या मते ते कादंबरीतलं सगळ्यात बरं प्रकरण आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी हरकत घेतली की तुमची नायिका स्कारबरोच्या आरटी गाडीने कामावर जाते, ती गाडी आता कुठे आहे? बरोबर होतं. 1985 पासून धावणारी ती छोटी रेल्वे जुलै 2023 मध्ये एक डबा रुळांवरून घसरल्यावर कायमची बंद झाली आणि तिच्या जागी बस आल्या. माझी गोष्ट त्याआधीची. तेव्हा प्रकरणाच्या डोक्यावर साल घातलं. बंद पडलेल्या गाडीतून जाणाऱ्या बायकांची गोष्ट म्हटल्यावर इथल्या लोकांना ती आणखी जवळची वाटली.

शेवटचं प्रकरण पाठवलं तेव्हा लोक पुस्तक मागू लागले. आता छपाई. हे काम मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. इथल्या छपाईवाल्याकडून नमुना मागवला. कागद सुरेख, बांधणी सुरेख, आणि सगळे ल हिंदी वळणाचे. श सुद्धा. आपण शाळेत गिरवला तो पाकळीचा ल आणि देठाचा श कुठे दिसेना. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये आदेश काढून ही वळणं प्रमाण ठरवली आहेत, पण संगणकावरचे बरेच देवनागरी टंक मुळात हिंदी वळण दाखवतात आणि मराठी वळण पोटात दडवून ठेवतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं त्या सॉफ्टवेअरला वेगळं सांगितलं तर ते बाहेर येतं. छपाईवाल्याला हे समजावताना माझी दमछाक झाली. तो पुन्हा पुन्हा दोन्ही ल शेजारी ठेवून बघायचा आणि म्हणायचा, ‘पण दोन्ही वाचता येतात ना?’

शेवटी पुण्याला एका अक्षरजुळणी करणाऱ्याकडे फाइल पाठवली. तिकडे वेगळीच तऱ्हा. माझा मजकूर युनिकोडमध्ये. त्यांचं काम जुन्या पद्धतीच्या टंकात, त्यामुळे मजकूर रूपांतर करून घ्यावा लागतो. रूपांतरात ‘ऱ्य’ गळपटला. कादंबरीत एक प्रसंग हायलँड क्रीकच्या दऱ्यांत घडतो. मुद्रितात नायिका दर्यात उतरली होती आणि तिच्या मागोमाग मैत्रिणीही. स्कारबरोत ऑन्टारिओ तळ्याच्या काठी उंच कडे आहेत खरे, पण समुद्र नाही. ‘बिचाऱ्या’ बायका ‘बिचार्या’ झाल्या, ‘ॲ’च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ आलं. मी आणि त्या यादीतल्या एक निवृत्त शिक्षिका, दोघींनी मिळून पानन् पान तपासलं. बाई लाल पेनाने खुणा करत आणि प्रत्येक खुणेला उसासा टाकत.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं, मात्र सुखद आश्चर्य. अमेरिकेत तो विकत घ्यावा लागतो. कॅनडात लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा ही राष्ट्रीय संस्था तो फुकट देते, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही. भारतातही तो फुकटच आहे. पण क्रमांक छापखान्याच्या देशावरून नसतो, प्रकाशकाच्या देशावरून असतो. मीच प्रकाशक, पत्ता स्कारबरोचा, म्हणून पुण्यात छापलेलं माझं पुस्तक कायद्याने कॅनडाचं. त्याची प्रतही कायद्याप्रमाणे त्या संस्थेला पाठवावी लागते, भाषा कोणतीही असो.

दोनशे प्रती काढायचं ठरलं. डेमी आकार, दोनशेच्या आसपास पानं, एका प्रतीचं वजन पाव किलोच्या आत-बाहेर. विमानाच्या एका बॅगेत तेवीस किलो चालतात, म्हणजे ऐंशी-नव्वद प्रती. कुरिअरचा दर ऐकल्यावर मी सुटीहून परतणाऱ्या मराठी कुटुंबांकडे मोर्चा वळवला. लोणच्याच्या बरण्या आणि मेतकुटाच्या पुड्या यांच्यामधून माझी कादंबरी टोरांटोला आली. काही प्रतींना मसाल्याचा वास आहे. त्या आधी संपल्या.

प्रकाशनाच्या आमंत्रणावर मी अडले. आपल्याकडे छापायची रीत अशी की ‘आपला आशीर्वाद हाच आहेर’. अक्काच्या मामांचं टेबल डोळ्यांपुढे होतं. तेव्हा सरळ लिहिलं: आहेर आणावा, पाकिटात आणावा, बदल्यात पुस्तक मिळेल. लोक हसले आणि पाकिटं घेऊन आले. अक्का आली, तिला मराठी येत नाही, तिनेही पाकीट देऊन प्रत घेतली. छपाईचा खर्च निघाला. फायदा झाला असं म्हणवत नाही, कारण माझ्या वेळेचा हिशेब मी केलेला नाही आणि करणारही नाही. उरलेल्या प्रतींपैकी काही डोंबिवलीला मावसबहिणीच्या डब्यात गेल्या. ई-पुस्तक किंडलवर आहे. तिथे ते ओळखीचेच लोक घेतात, अनोळखी क्वचित.

एवढ्या खटाटोपातून मी प्रस्थापित लेखिका झाले का? नाही. पुण्याच्या कोणत्याही दुकानात माझं पुस्तक नाही. कोणत्याही वर्तमानपत्रात परीक्षण आलेलं नाही. फॅलिसला पुढे मोठा प्रकाशक मिळाला, हर्नांडेझच्या पुस्तकाचा सिनेमा झाला. त्यांची भाषा इंग्रजी होती आणि तिला सबंध देशाची बाजारपेठ होती. मराठीत असा रस्ता शेवटी मोठ्या दारापर्यंत जातोच, असं मी कोणालाही सांगणार नाही. पण पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या त्या प्रकाशकाकडे गेले असते, तर निम्म्या प्रती माझ्या पलंगाखाली आणि निम्म्या त्यांच्या गोदामात असत्या, आणि साखरेच्या डब्याखालचे पैसे अजून तिथेच पडून राहिले असते.

म्हणून ज्यांच्या टेबलाच्या खणात पहिली कादंबरी पडून आहे, त्यांना एवढंच सांगते. प्रकाशक शोधण्याआधी एक प्रकरण वाचून दाखवा. घरी, गणपतीच्या मंडपात, मंडळाच्या कोजागिरीला, फोनवर, जमेल तिथे. कौतुक करणाऱ्यांना मोजू नका. ‘पुढं काय झालं?’ असं जो आपणहून विचारेल त्याचं नाव वहीत लिहा. अशी पन्नास नावं जमली की पुस्तक छापा, प्रती त्या नावांपेक्षा थोड्याच जास्त काढा. नावं जमली नाहीत तर छपाईचे पैसे वाचतील, आणि दुरुस्ती कुठे करायची तेही कळेल.